झोपडीचं मत

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण 1957 साली आपण मत कुठे टाकलं, हे ती शेवटपर्यंत सांगायची. तेव्हा चिन्हासमोर शिक्का मारायची पद्धत आली नव्हती. दर उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. आडोशामागे जायचं नि कागद आपल्या पेटीत सोडायचा. एका पेटीवर काँग्रेसची बैलजोडी, दुसरीवर झोपडी. आजी म्हणायची, "बैल आमचे खंय होते? झोपडी होती. थंयच टाकलंय."

झोपडी म्हणजे प्रजासमाजवादी पक्ष, आणि उमेदवार होते बॅरिस्टर नाथ पै. मतदारसंघाचं नाव राजापूर. लांजा-राजापूरपासून खाली देवगड, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीपर्यंतचा हा डोंगर-खाड्यांचा पट्टा. घरात बाया, म्हातारे आणि पोरं. कर्ते बाप्ये मुंबईला गिरणीत. महिन्याला मनिऑर्डर आली की घर चालायचं. मनिऑर्डरीबरोबर पत्र यायचं आणि पत्रातून मुंबईचं वारंही यायचं. त्या साली वारं संयुक्त महाराष्ट्राचं होतं. गिरणगावात आमचे आजोबा मोर्चाला जात होते, आणि गावात आजी झोपडीच्या पेटीत कागद टाकत होती.

नाथ पै 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा निवडून आले. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, घटना दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून त्यांनी मांडलेलं विधेयक देशभर गाजलं. आमच्या वाडीत त्यातलं कोणाला फारसं कळलं नसेल. वाडीला ठाऊक होतं ते एवढंच, की बॅरिस्टर दिल्लीत कोकणासाठी रेल्वे मागतात. तोवर मुंबईला जायचं तर एक तर बोट, नाही तर घाटवळणांची एस.टी.

1971 च्या जानेवारीत, निवडणूक तोंडावर असताना, बेळगावात नाथ पै गेले. वय अवघं 48. त्यांच्या जागी प्राध्यापक मधु दंडवते उभे राहिले. जन्म नगरचा, मुंबईत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. कोकणाला तसा परकाच. वर इंदिराबाईंची लाट. महाराष्ट्रातल्या 45 पैकी 42 जागा काँग्रेसने घेतल्या. राजापूर त्या उरलेल्या तिघांत होतं. माझे वडील तेव्हा पहिल्यांदा प्रचाराला निघाले. कंदील घेऊन वाडी-वाडी फिरायचे, वहाणा झिजायच्या, आणि चहा ज्याचा त्याने प्यायचा.

आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. सुटून आले, आणि 1977 ला चिन्हच बदललं. चक्रातला नांगरधारी शेतकरी आला. वडिलांनी आजीला चिन्ह कागदावर काढून दाखवलं. ती म्हणाली, "माझी झोपडी खंय गेली?" तिला समजावण्यात अख्खी संध्याकाळ गेली. दंडवते निवडून आले आणि रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम घालायला त्यांनीच सुरुवात केली. गंमत अशी, की त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात तेव्हा हातभर रूळ नव्हता.

1980 ला इंदिराबाई परत आल्या आणि 1984 ला त्यांच्या हत्येनंतरची लाट आली. दोन्ही वेळी राजापूर हललं नाही. 1989 ला दंडवते पाचव्यांदा निवडून गेले आणि अर्थमंत्री झाले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. 1990 च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. नाथ पैंपासूनची मागणी आता खरी होणार होती.

आणि 1991 साली आम्ही दंडवत्यांना पाडलं. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले.

'आम्ही' म्हणतो त्याला कारण आहे. मी तेव्हा मुंबईत नोकरीला, पण नाव गावच्या यादीत. मत द्यायला गावी आलो, आणि झोपडीवाल्यांच्या घरातला असून शिवसेनेच्या चिन्हावर शिक्का मारला. 1982 च्या संपानंतर काकांची गिरणी सुटली ती सुटलीच. चाळीत कोणी आजारी पडलं, पोराला शाळेत प्रवेश हवा असला, की शाखेतली पोरं धावायची. समाजवादी मंडळी म्हातारी होत चालली होती. त्यांच्या सभेला आम्ही जायचो, पण कामाला त्यांच्याकडे जात नव्हतो. गावाकडे बोलतात, की मतदार कृतघ्न निघाले. मला तसं सरळ म्हणवत नाही. झोपडी ज्या वाटेने गावात आली होती, त्याच मुंबईच्या वाटेने ती गेली. 1996 ला शिवसेनेचे सुरेश प्रभू आले आणि चार वेळा राहिले, तेही त्याच वाटेने.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा वडील पडवीत बसले होते. कुठे शिक्का मारलास, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

1998 साली कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली. त्या वर्षी मी वडिलांना कणकवलीहून गाडीत बसवून मुंबईला नेलं. डब्यात शिरल्यावर त्यांनी बर्थवर हात ठेवून दाबून बघितला आणि म्हणाले, "ह्यां त्यांचाच काम." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

2009 च्या निवडणुकीला राजापूर हा लोकसभा मतदारसंघच उरला नव्हता. पुनर्रचनेत रत्नागिरी-सिंधुदुर्ग असं नाव आलं. पुढे निलेश राणे आले, मग दोनदा विनायक राऊत, 2024 ला नारायण राणे. आता रेल्वेची मागणी कोणी करत नाही; जैतापूर, नाणार, जमिनी यांवर बोलणं होतं. आमच्या वाडीत अर्ध्या घरांना कुलूप आहे. मतदानाला लोक गाडीने येतात आणि रातोरात गाडीनेच परततात.

दंडवते 2005 साली गेले. वडीलही आता नाहीत. 1991 चं मत मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांना ते कळलं होतं असं मला वाटतं; पण सांगायला हवं होतं.