देवस्व आणि गुप्तधनाच्या कादंबऱ्या

गुप्तधनाच्या शोधाची कथा इंग्रजीतून आपल्याकडे आली असे समजणारे लोक आजीच्या तोंडच्या गोष्टी विसरलेले असतात. पडक्या वाड्याखालचा मोहरांचा हंडा, त्याला वेटोळे घालून बसलेला भुजंग, पायाळू माणसाच्या डोळ्यांत घातलेले अंजन आणि अमावास्येच्या रात्री चाललेली कुदळ, ही सामग्री आपल्याकडे छापखान्याच्या कितीतरी आधीची आहे. इंग्रज कादंबरीकारांनी तीत भर घातली ती इतिहासाची. अमुक सालची लढाई, अमुक सेनापती, अमुक शहराचा वेढा एवढे खरे घ्यावयाचे आणि त्या खऱ्याच्या खुंटीला एक हरवलेला हिरा टांगून द्यावयाचा! स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ 1883 मध्ये आणि हॅगर्डची ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ 1885 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. कॉनन डॉइलने 1890 च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये सत्तावन सालच्या आग्र्यातील रत्नांची पेटी लंडनपर्यंत पोहोचविली. परंतु या सर्वांच्या आधीची आणि आपल्या देवालयांशी थेट संबंध असलेली कादंबरी म्हणजे विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ होय. चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून ती 1868 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली.

कथानक थोडक्यात असे. सोमनाथाच्या देवळातील चंद्रदेवाच्या भाळावर एक पिवळा हिरा होता. गझनीच्या महंमुदाच्या तडाख्यातून ती मूर्ती वाचविली गेली आणि तीन ब्राह्मणांनी ती काशीस नेली. तेथे साक्षात विष्णूने स्वप्नात येऊन, तिघा पुजाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या हिऱ्यावर पहारा ठेवावा, अशी आज्ञा केली. औरंगजेबाच्या काळात हिरा लुटला गेला. हातोहात फिरत तो टिपूच्या खंजिराच्या मुठीत बसला. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले, त्या गर्दीत हर्नकॅसल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रक्षकांचे खून पाडून तो पळविला. पुढे 1848 मध्ये हिरा एका इंग्रज तरुणीला तिच्या वाढदिवशी मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. कादंबरीचा बहुतेक भाग या चोरीच्या तपासात जातो. अखेर वेष पालटून इंग्लंडात वावरणारे तिघे ब्राह्मण चोराचा वध करून हिरा परत आणतात आणि 1850 मध्ये काठेवाडात तो देवाच्या भाळी पुन्हा झळकतो.

यातील इतिहास कितपत खरा? श्रीरंगपट्टणचा हल्ला खरा, तारीख खरी, हल्ल्याचे नेतृत्व करणारा जनरल बेअर्ड खरा. सोमनाथाच्या बाबतीत मात्र कॉलिन्सचे पाऊल पहिल्याच पायरीवर घसरले आहे. सोमनाथ हे ज्योतिर्लिंग. क्षयाने ग्रासलेल्या सोमाने प्रभासक्षेत्री ज्याची आराधना केली तो नाथ म्हणजे शिव, हे आपल्याकडील पुराण ऐकणाऱ्या पोरासही ठाऊक असते. कॉलिन्सने भक्तालाच देव करून गाभाऱ्यात बसविले, त्याला चार हात व हरणाचे वाहन दिले, आणि शंकराच्या देवळातील रत्नाच्या रक्षणाची आज्ञा विष्णूकडून देवविली! हरिहरांत भेद मानू नये हे खरे. पण येथे अभेदबुद्धीपेक्षा अज्ञानाचाच भाग मोठा आहे.

तथापि या चुकीबद्दल एकट्या कॉलिन्सला दोष देणे अन्यायाचे होईल. महंमुदाने मूर्तीवर घाव घालताच तिच्या पोकळ पोटातून रत्नांची रास बाहेर पडली, ही कथा त्याच्या फार आधीपासून इतिहास म्हणून चालत होती. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधीवर लिहिणाऱ्या फिरिश्त्याने ती रंगवून सांगितली आणि पुढे युरोपातील इतिहासकारांनी ती उचलली. महंमुदाचा समकालीन अल् बेरूनी याने मात्र सोमनाथ हे लिंग असल्याचे स्पष्ट लिहून ठेवले आहे. भरीव पाषाणलिंगाला पोट कोठले आणि पोटात रत्ने कोठली? कल्पिताने इतिहासाचा वेष घेतला, त्या वेषाला कादंबरीकार भुलला आणि त्याने त्यावर नवे कल्पित रचले. अशा पुस्तकांत खरे कोठे संपते हे वाचकाला कळत नाही असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते लेखकालाही कळलेले नसते.

याच भ्रमाच्या भरात एक गव्हर्नर जनरलही सापडला होता. लॉर्ड एलेनबरोने 1842 मध्ये महंमुदाच्या कबरीची दारे गझनीहून उचलून आणविली आणि ही सोमनाथाची चंदनी दारे, आठशे वर्षांच्या अपमानाचे परिमार्जन झाले, असा जाहीरनामा काढला. तपासाअंती लाकूड चंदनाचे नव्हे, देवदाराचे ठरले. कोरीवकाम मुसलमानी पद्धतीचे आणि वर अरबी लेख. पार्लमेंटात या प्रकरणी एलेनबरोवर टीकेची झोड उठली, आणि दारे आग्र्याच्या किल्ल्यातच राहिली. विशेष हे की, ज्या काळी इंग्रजांचा घोळ चालला होता, त्याच्या सुमारे साठ वर्षे आधी, 1783 मध्ये, इंदूरच्या अहिल्याबाईंनी सोमनाथास नवे देऊळ बांधून पूजा सुरू करून दिली होती. दारे शोधण्याच्या खटाटोपात ती बाई पडली नाही.

श्रीरंगपट्टणच्या लुटीकडे वकिलाच्या नजरेने पाहिले म्हणजे आणखी एक गंमत दिसते. शहर पडल्यावर काही काळ बेफाम लूट झाली. ती थांबविण्यासाठी आर्थर वेलस्लीने काही शिपायांना फाशी दिले. मग राजवाड्यातील संपत्तीची रीतसर मोजदाद झाली, टिपूचे सुवर्णाचे सिंहासन तोडून त्याचे तुकडे करण्यात आले, आणि हुद्द्याप्रमाणे वाटे पडले. सर्वांत मोठा वाटा सेनापती हॅरिसचा. म्हणजे शिपायाने खिशात घातले तर चोरी, आणि तेच वहीत मांडून वाटून घेतले तर ‘प्राइझ’! या न्यायाने हर्नकॅसलचा कायदेशीर अपराध देवाविरुद्ध झालाच नाही, तो वाटणी करणाऱ्या समितीविरुद्ध झाला. देव या व्यवहारात पक्षकारच नव्हता. कॉलिन्सला हे जाणवले होते. त्याने प्रस्तावनेत कोहिनूर आणि रशियाच्या राजदंडावरील हिरा यांच्या दंतकथांचा आधार मान्य केला आहे. पण कथेचा शेवट मात्र दोन्ही राजघराण्यांना न रुचणारा, म्हणजे हिरा मूळ जागी परत नेणारा केला.

परक्यांचे दोष मोजताना आपल्याकडचेही एक पान उघडावे लागते. 1791 मध्ये, म्हैसूरच्या तिसऱ्या युद्धात, पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या स्वारांनी शृंगेरीच्या मठावर धाड घातली. मठ लुटला गेला, शारदेची मूर्ती स्थानभ्रष्ट झाली, आणि स्वामींना कारकळला आश्रय घ्यावा लागला. मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी द्रव्य पाठविले ते टिपूने; त्याची पत्रे 1916 मध्ये मठात सापडली. बेळगावकडील वाचकांना पटवर्धनांचे नाव घरचे आहे, म्हणूनच हे सांगणे भाग आहे. देवस्वाचा लोभ धर्म विचारून माणसाच्या मनात शिरत नाही. या घटनेवर आपल्याकडे कोणी साहसकथा लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. लिहावी असा विषय आहे.

कॉलिन्सच्या पुस्तकात सर्वांत खरे काही असेल तर ते तिघे ब्राह्मण. हिऱ्यासाठी त्यांनी समुद्र ओलांडला, जात गमावली, आणि कार्य सिद्धीस गेल्यावर एकमेकांचे तोंड पुन्हा न पाहण्याच्या अटीवर ते तीन दिशांना यात्रेकरू होऊन निघून गेले. खून सोडला तर ही माणसे गोमंतकाला अनोळखी नाहीत. पोर्तुगिजांनी साष्टीत देवळे पाडण्याचा सपाटा लावला तेव्हा, 1560 मध्ये, कुशस्थळीच्या श्रीमंगेशाचे लिंग महाजनांनी नदीपार करून पोर्तुगिजांच्या सत्तेबाहेरील अंत्रुज महालात प्रियोळला नेले. केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. मागे वतने राहिली, घरे राहिली, आणि जे वाचविले ते देव होते. साहसकथेच्या नायकाने हाच प्रवास केला असता तर त्याने आधी पेटारे उचलले असते. आमच्या महाजनांची गोष्ट अजून कोणा कॉलिन्सला सापडलेली नाही. तिच्यात खजिना नाही, हे त्याचे कारण असावे.

आता कायद्याचा भाग. 1878 चा ‘ट्रेझर ट्रोव्ह’ कायदा सांगतो की, जमिनीत दडविलेली दहा रुपयांवरील किमतीची वस्तू सापडल्यास कलेक्टरला लेखी कळविले पाहिजे. चौकशीअंती ती बेवारशी ठरली आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला व एक चतुर्थांश जमिनीच्या मालकाला मिळते. कळीचा शब्द ‘बेवारशी’ हा आहे. गुप्तधनाच्या साऱ्या कादंबऱ्या देवळातील धन बेवारशी आहे असे गृहीत धरून चालतात. आपला कायदा नेमके उलटे धरतो. देवता ही कायद्याने व्यक्ती आहे, तिला मालमत्ता असते आणि ती वादी होऊ शकते, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने 1925 मध्ये मल्लिक खटल्यात निःसंदिग्ध शब्दांत मांडले. म्हणून 2011 मध्ये तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामींच्या तळघरातून जे सोने मोजले गेले त्याला वृत्तपत्रांनी ‘सापडलेला खजिना’ म्हटले, तो शब्द चुकीचा होता. ते हरवले केव्हा होते? देव वर शेषावर पहुडलेले, खाली त्यांचे भांडार.

तमिळनाडूतील पाथूर गावी 1976 मध्ये एका मजुराला जमीन खणताना कांस्य नटराज सापडला. हातोहात विकला जाऊन तो लंडनला पोहोचला. 1982 मध्ये कॅनडातील एका कंपनीने तो विकत घेतला आणि पुढे लंडनच्या पोलिसांनी जप्त केला. मूळचे देऊळ तेव्हा पडझड झालेल्या अवस्थेत होते. तरीही त्या देवळाच्या वतीने इंग्लंडच्या न्यायालयात दावा उभा राहिला. जो पक्षकार इंग्रजी कायद्याला अपरिचित, तो भारतीय कायद्याने मान्य असल्यामुळे तेथे ग्राह्य धरला गेला. 1988 मध्ये निकाल देवळाच्या बाजूने लागला आणि 1991 मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. कॉलिन्सच्या ब्राह्मणांना ज्या शहरात खंजिराखेरीज दुसरा उपाय दिसला नाही, त्याच शहरातून नटराज मुखत्यारपत्राच्या आणि साक्षीपुराव्याच्या बळावर त्याच वर्षी स्वदेशी परतला.