उल्जायतूची कबर मुळात कोणासाठी?

वायव्य इराणमध्ये झंजानजवळ सुलतानियाच्या माळावर एक प्रचंड अष्टकोनी वास्तू उभी आहे. घुमट फिरोजी रंगाचा, जमिनीपासून सुमारे ५० मीटर उंच, आतला व्यास २५ मीटरच्या आसपास, आणि त्याच्याभोवती आठ मिनार. इल्खानी मंगोल सुलतान उल्जायतू याची ही कबर. तिच्याविषयी हमखास सांगितली जाणारी गोष्ट अशी: सुलतानाने शिया पंथ स्वीकारला, तेव्हा नजफहून हजरत अली आणि करबलाहून इमाम हुसेन यांचे अवशेष इथे आणायचे त्याच्या मनात आले. एवढी भव्य वास्तू त्यासाठीच उभारली. पुढे तो बेत बारगळला आणि त्याने ती स्वतःसाठी ठेवली.

गोष्ट सुटसुटीत आहे आणि अनेक चांगल्या पुस्तकांतही शिरली आहे. पण तारखा शेजारी शेजारी मांडल्या की ती टिकत नाही.

आधी एक ढोबळ घोळ निस्तरावा लागतो. युनेस्कोने २००५ मध्ये ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत घेतली, तेव्हाच्या वर्णनात बांधकामाचा काळ १३०२ ते १३१२ असा दिला आहे. उल्जायतू गादीवर आला तो १३०४ मध्ये, भाऊ गाझान खान वारल्यावर. त्यामुळे १३०२ हे साल धरायला आधार नाही. सुलतानियाची मोठी बांधकामे १३०५ च्या सुमारास, म्हणजे हिजरी ७०४ मध्ये सुरू झाली. ही माहिती ज्याच्याकडून मिळते तो अबुल कासिम काशानी हा उल्जायतूच्या राजवटीचा बखरकार, त्याच काळात वावरलेला माणूस. सुलतानाने शिया पंथ स्वीकारला तो १३०९-१० मध्ये. कामाला सुरुवात होऊन तोवर चार वर्षे उलटली होती.

या काशानीबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. तो काशानच्या अबू ताहिर या नामांकित घराण्यातला. कित्येक पिढ्या या घराण्याने झिलईदार फरशा आणि भांडी घडवली. बखरीच्या आधी, १३०१ मध्ये, त्याने रत्ने, खनिजे आणि सुगंधी द्रव्यांवर एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात घरची विद्या उघड करून ठेवली. भांड्याच्या अंगासाठी दहा भाग कुटलेली पांढरी गारगोटी, एक भाग काचेची भुकटी आणि एक भाग पांढरी चिकणमाती. फिरोजी रंगासाठी भाजलेले तांबे. निळ्यासाठी काशानजवळच्या कमसरच्या खाणीतले कोबाल्ट. ज्या घुमटावर अशा फरशा चढल्या, त्या घुमटाच्या काळाची बखर फरशी कशी भाजतात हे जाणणाऱ्याने लिहिली, हे इतिहासाभ्यासकाचे भाग्यच. त्याच्या शब्दाला मी म्हणूनच अधिक वजन देतो.

दुसरा पुरावा कागदाचा आहे. बगदादमध्ये या काळात ३० भागांचे एक कुराण लिहिले गेले. पान जवळजवळ ७२ सेंटिमीटर उंच, आणि एवढ्या पानावर फक्त पाच ओळी. काम १३०६ च्या सुमारास सुरू होऊन काही वर्षे चालले. आज त्याचे भाग लाइपझिग, ड्रेस्डेन, इस्तंबूल असे विखुरले आहेत. त्यातल्या नोंदींवरून हे कुराण सुलतानियाला सुलतानाच्या स्वतःच्या कबरीसाठी वक्फ केले होते, असे कळते. म्हणजे ही वास्तू आपल्यासाठी आहे हे सुलतान आणि त्याचा दरबार जाणून होता.

मग इतका मोठा आकार कशाला? उत्तर घरातच मिळते. आधीच्या मंगोल खानांच्या कबरी गुप्त ठेवण्याची रीत होती. गाझान खानाने ती मोडली. त्याने तब्रीझजवळ स्वतःसाठी घुमटाची कबर आणि तिच्याभोवती मशीद, मदरसे, खानकाह (सूफींचा मठ), इस्पितळ असा सारा संसार उभा केला. धाकट्या भावाने तोच नमुना घेतला आणि तो एका नव्या राजधानीच्या मध्यावर ठेवला. पुढे १३४० च्या सुमारास हम्दुल्ला मुस्तौफी लिहितो की बाप अर्घून याने आखलेल्या तटाचा घेर १२,००० पावलांचा होता आणि उल्जायतूने आखलेल्या तटाचा ३०,००० पावलांचा. पण तो पुरा होण्याआधीच सुलतान वारला. घडीव दगडाचा किल्ला आणि त्यात कबर, हेही मुस्तौफीच सांगतो. तो शेजारच्या कझवीनचा, महसुली हिशेबात मुरलेल्या घराण्यातला; आकडे देणे त्याच्या अंगवळणी पडलेले.

कबर एकटी उभी नव्हती, हे भिंतही सांगते. अष्टकोन नेमका नाही. उत्तरेची बाजू दोन्ही टोकांना पुढे वाढवलेली आहे. आज एकट्या दिसणाऱ्या या वास्तूला इतर इमारती खेटून होत्या, याची ही खूण. ऑटोमन सुलतान सुलेमान १५३४ मध्ये इथून गेला. त्याच्या स्वारीचा वृत्तान्त मत्राकची नसूह याने १५३७-३८ मध्ये चित्रांसह तयार केला. त्यातल्या सुलतानियाच्या चित्रात घुमटाभोवती अजून वस्ती आणि इमारती आहेत. शीला ब्लेअर या विदुषीने १९८६ मध्ये असल्या चित्रांची, प्रवासवर्णनांची आणि फारसी ग्रंथांची सांगड घालून हरवलेल्या शहराचा आराखडा मांडला. अशा कामाचा तो वस्तुपाठ आहे.

आत गेल्यावर खरा पेच समोर येतो. भिंतींवर सजावटीचे दोन थर आहेत. खालचा थर विटा आणि झिलईदार फरशांचा. त्याच्यावर पांढरा गिलावा आणि त्यावर बहुतेक निळ्या रंगातले चित्रकाम. जिथे गिलावा पडला आहे तिथे खालची फरशी डोकावते. वरच्या मजल्यावरच्या सज्जाच्या २४ कमानी छतांवर मात्र लाल, पिवळे, हिरवे रंग आहेत, आणि त्यांच्या आकृत्या त्या काळच्या कुराणांच्या सजवलेल्या पानांशी इतक्या जुळतात की नमुने एकाच हातवळणाचे असावेत. नवीकोरी फरशी कोणी लगेच का झाकेल? अवशेषांची गोष्ट इथे उपयोगी पडते म्हणूनच ती टिकली असावी: बेत बदलला, सजावटही बदलली. ब्लेअर यांनी भिंतींवरचे लेख वाचून वेगळे उत्तर दिले. त्यांच्या मते दुसरी सजावट १३१३ ते १३१६ मधली, आणि तिच्यासाठी निवडलेली वचने मक्का-मदिनेवर सुलतानाने सांगितलेल्या हक्काकडे बोट दाखवतात. मक्केचा शरीफ हुमैदा या सुमारास मदत मागायला त्याच्याकडे आला होताच. मला हे उत्तर अधिक पटते, कारण त्याला समकालीन घटनांचा टेकू आहे.

हिंदुस्थानचा धागा थोडका आहे, पण तो आहे. कास्तिलच्या राजाचा वकील क्लाविहो १४०४ मध्ये इथे आला, तेव्हा बाजारात गिलानचे रेशीम आणि हिंदुस्थानातून आलेले मसाले होते. १६३७ मध्ये आलेला जर्मन प्रवासी ओलेअरिअस कबरीपुढच्या पोलादी जाळीचे वर्णन करतो: गज हाताच्या दंडाएवढे जाड, सांधे दिसू नयेत असे घडवलेले. पोलाद हिंदुस्थानातले आणि जाळी घडवायला सात वर्षे लागली, असे त्याला स्थानिकांनी सांगितले. सात वर्षांचा आकडा ऐकीव म्हणून बाजूला ठेवता येईल. पण हिंदी पोलाद इराणात नावाजलेले होते आणि ओलेअरिअसने जाळी स्वतः पाहिली होती, म्हणून तिचे वर्णन मी ग्राह्य धरतो.

इराणातला सर्वांत जुना टिकलेला दुपदरी घुमट हाच, असेही युनेस्कोच्या वर्णनात आहे. आतले कवच, बाहेरचे पातळ कवच, मध्ये पोकळी आणि तिच्यात विटांच्या बरगड्या, अशी ही रचना वजन कमी राखते. पण 'सर्वांत जुना' हे जपून म्हणावे. कझवीन प्रांतातल्या खर्रकानच्या कबरींपैकी एक १०६७ ची, दुसरी १०९३ ची. दोन्हींचे घुमट दुपदरी बांधलेले होते. २००२ च्या भूकंपात त्या दोन्हींची मोठी मोडतोड झाली. सुलतानियाचे श्रेय आकाराचे आहे: २५ मीटरच्या गाळ्यावर ही युक्ती पेलून दाखवण्याचे.