विद्येचे ऋण

विद्या हे अमोल धन आहे असे सुभाषितकार सांगत आले आहेत. परंतु मुलगा मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांची उत्तरे सुभाषितांत सापडत नाहीत. कोणता अभ्यासक्रम घ्यावा, त्यातून पुढे कोणता व्यवसाय साधेल, आणि या साऱ्याचा पैसा कोण देणार? यांपैकी शेवटच्या प्रश्नाचा आधीच्या दोहोंशी किती निकट संबंध असतो, हे डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेच्या हकिकतीवरून जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होईल.

भीमरावांचे वडील रामजी सुभेदार हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. मुंबईत परळच्या चाळीत बिऱ्हाड, मिळकत पेन्शनची, आणि मुलाला पुस्तकांचे विलक्षण वेड. हाताशी पैसा नसला की सुभेदारांनी आपल्या विवाहित मुलींकडे जावे, एखादा दागिना मागून आणावा, तो गहाण टाकून पुस्तक घ्यावे, आणि पेन्शन हाती येताच दागिना सोडवून परत करावा, असा क्रम चाले. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले व कॉलेजात गेले. परंतु कॉलेजचा खर्च गहाणवटीवर भागण्यासारखा नव्हता. शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी मध्यस्थी केली आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या आधाराने भीमराव बी. ए. झाले.

फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार निवर्तले. त्याच वर्षी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात काही विद्यार्थी पाठविण्याचे महाराजांनी ठरविले, व त्यांत भीमरावांची निवड झाली. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. मात्र ४ जून १९१३ रोजी त्यांनी ज्या करारपत्रावर सही केली, त्यात एक अट होती. शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी लागणार होती. हा व्यवहार अन्यायाचा होता असे म्हणता येणार नाही. ज्याने पैसा द्यावा त्याने विद्येचा लाभ मागावा, ही रीतच होती. आणि तेवढा पैसा देऊ करणारा दुसरा कोणी भीमरावांपुढे उभा नव्हता. अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन ते १९१५ साली एम. ए. झाले आणि पुढील वर्षी त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. नंतर लंडनला जाऊन त्यांनी अर्थशास्त्राचा उच्च अभ्यास व बॅरिस्टरीची तयारी असा दुहेरी क्रम आरंभिला. तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले.

करार पाळण्यासाठी ते सप्टेंबरात बडोद्यास गेले. त्यांना पुढे अर्थखात्याचा कारभार सांगावा असा महाराजांचा मानस होता. परंतु संस्थानच्या या विद्याविभूषित अधिकाऱ्याला शहरात राहावयास जागा मिळेना. अखेर आपली जात लपवून एका पारशी विश्रांतिगृहात, रोजच्या दीड रुपयावर, त्यांनी कशीबशी सोय लावली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला, आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचा हुकूम झाला. दुसरीकडे कोठे आश्रय मिळेना, म्हणून एका सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला व रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. महाराजांनी विद्येचा खर्च दिला होता, परंतु त्या विद्येला बसावयास जागा देणे त्यांच्या शहराला मान्य नव्हते. करारातील दहा वर्षांची सेवा अशी काही दिवसांतच संपली.

येथून पुढे भीमरावांनी जी निवड केली तिच्यात या अनुभवाचा अर्थ दिसतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना दरमहा ४५० रुपयांची प्राध्यापकी मिळाली. त्या काळी हे वेतन कोणाही कुटुंबवत्सल मनुष्यास पुरेसे वाटले असते. परंतु त्यांनी दोन खोल्यांचा संसार तसाच ठेवला, पत्नी रमाबाईंनी काटकसरीने तो चालविला, आणि पगारातून शिल्लक टाकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य झाले. न्यूयॉर्कमधील सहनिवासी मित्र नवल भथेना यांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले. या बळावर १९२० साली नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला गेले. तेथे अर्धपोटी राहून, ग्रंथालयात दिवसचे दिवस घालवून, त्यांनी अर्थशास्त्रातील एम. एस्‌सी. व डी. एस्‌सी. या पदव्या आणि बॅरिस्टरी संपादन केली. वकिलीच का, या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. त्या धंद्यात कोणी मालक नसतो. सार्वजनिक कार्य करणाऱ्याला त्यात कोणाची परवानगी मागावी लागत नाही. १९२३ साली त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली, तेव्हा सनदेच्या पैशांसाठीही भथेनाच धावून आले. अशिलांची तर वाणच होती. म्हणून १९२५ पासून सुमारे तीन वर्षे हा डॉक्टर व बॅरिस्टर एका खासगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होता. स्वातंत्र्यालाही किंमत पडतेच.

तथापि जुने ऋण त्यांनी नाकारले नाही. १९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस, तर १९२५ सालचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ सयाजीरावांस अर्पण केला. आणि दोन्ही अर्पणपत्रिकांत आपल्या शिक्षणाचाच कृतज्ञतापूर्वक उल्लेख केला. एकाने दागिने गहाण टाकले, दुसऱ्याने पौंड धाडले; ग्रंथकाराने दोघांचीही नोंद ठेवली.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४२ साली त्यांनी सरकारला एक निवेदन सादर केले. कला व कायदा या शाखांच्या शिक्षणाने अस्पृश्यवर्गाचा फारसा उत्कर्ष व्हावयाचा नाही. विज्ञान व तंत्रविद्या यांचे उच्च शिक्षण त्यांना हवे, आणि त्याचा खर्च झेपत नसल्याने तो सरकारने द्यावा, असे त्यात प्रतिपादन होते. त्यासाठी दरसाल दोन लक्ष रुपये, आणि परदेशी विद्यापीठांतील शिक्षणासाठी आणखी एक लक्ष, अशी त्यांची मागणी होती. मागणी करणारा स्वतः कलाशाखेचा पदवीधर व बॅरिस्टर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दांचे वजन कळते. आपण चाललेली वाटच दुसऱ्यांनी चालावी असा त्यांचा आग्रह नव्हता.

१९४६ साली मुंबईत त्यांनी सिद्धार्थ कॉलेज काढले. तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले, ते अशासाठी की दिवसा कचेरीत काम करणाऱ्या गरीब तरुणाला शिकता यावे. अशा विद्यार्थ्याला दहा वर्षांच्या करारावर सही करावी लागत नसे, की बहिणीकडे दागिना मागावयास जावे लागत नसे. सकाळी सात-साडेसातला वर्गात बसावे, साडेदहाला कचेरी गाठावी, आणि महिन्याअखेर आपल्या पगारातून आपली फी भरावी, एवढी सोय त्याला तेथे झाली.