एक पायरी खाली

पाडवा आला की वऱ्हाडात साल ठरते. मालकाच्या ओसरीत सुपारी कातरता कातरता बोलणे होते. नगद किती, ज्वारी किती, उचल किती, चपला-कपडे कोणाचे. एकदा ठरले की पुढच्या पाडव्यापर्यंत सालगडी त्या घरचा. यवतमाळ जिल्ह्यात मजुरीचा भाव पिढ्यान् पिढ्या असाच निघत आला. बायांचा रोज मात्र ओसरीत ठरत नसे, तो धुऱ्यावर ठरे. सरकी टोबायला एक भाव, निंदणाला दुसरा, आणि वेचणीला वजनावर. गड्याच्या रोजापेक्षा तो कमीच असणार, हे कोणी बोलूनही दाखवत नसे.

सरकारी मदतीची गोष्टही या ओसरीपासूनच सुरू करावी लागते. गरिबाला काही द्यायची वेळ आली की देणाऱ्याला आधी एकच धास्ती पडे: शेतातल्या रोजापेक्षा हे जास्त तर होत नाही ना? मग शेतात येणार कोण?

ही धास्ती इंग्रजांनी सोबत आणली होती. त्यांच्याकडे 1834 च्या गरिबांच्या कायद्याने दंडकच घालून दिला होता की, मदतीवर जगणाऱ्याची गत सगळ्यात हलक्या मजुराहूनही हलकी असावी. 1877 च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने हाच हिशेब दख्खनच्या खडी फोडणाऱ्यांना लावला. दिवसभराच्या कष्टाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर थोडी चिल्लर. मजुरांनी चक्क संप केला, हजारो माणसे कामे सोडून निघून गेली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. उपाशी माणसांनी मजुरीसाठी संप करावा, हे साहेबाच्या हिशेबात कुठेच बसत नव्हते.

पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगातून दुष्काळ संहिता निघाल्या. मजुरी धान्याच्या भावाला बांधली गेली. 1899-1900 चा छप्पन्नाचा दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला तेव्हा हेच नियम लागू होते. जिल्ह्याचे नाव त्या वेळी वणी होते, यवतमाळ हे नाव 1905 मध्ये पडले. कामावर खोदणारा वेगळा, ओझे वाहणारा वेगळा, दोघांचे दर वेगळे. नेमून दिलेले माप भरले नाही तर मजुरी कापायची. म्हातारे-कोतारे आणि पंगू यांना तेवढे फुकट धान्य. पण संहितेने नकळत एक गोष्ट कबूल केली: मजुरी पोटाच्या मापाने मोजता येते. ओसरीत ती तशी कधी मोजलीच गेली नव्हती.

ही कबुली योजनेत उतरायला आणखी पाऊण शतक जावे लागले, आणि त्या वेळी राज्याच्या गादीवर याच जिल्ह्याचा माणूस बसला होता. पुसद तालुक्यातल्या गहुली या बंजारा तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते. रोजगार हमीची मूळ कल्पना सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांची. 1965 मध्ये तासगावात तिचा प्रयोग झाला, आणि 1972 मध्ये रोजगार हमी योजना (रोहयो) राज्यभर आली. त्या सालच्या दुष्काळात सर्वांत भाजून निघाले ते मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र, विदर्भाची होरपळ त्यामानाने कमी. तरी तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी इथल्या जुन्या माणसांनाही ठाऊक आहे. 1973 च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. नाईकांच्याच सरकारने 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदीही सुरू केली. कापूसवाल्याला भावाची हमी, कापूस वेचणारीला कामाची. दोन्ही हम्या एकाच हंगामात निघाल्या, हे यवतमाळकराने तरी विसरू नये.

पैसा शहरातून आला. 1975 पासून पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसला, तो या योजनेसाठीच. कायदा 1977 मध्ये मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. मात्र धास्ती जुनीच राहिली. रोहयोचा दर शेतातल्या रोजाहून चढा नसावा, हे धोरणच होते. काम मिळाले नाही तर भत्ता, पण तो एवढा किरकोळ की त्याच्या मागे तहसीलला खेटे घालणे परवडत नसे.

तरी एका ठिकाणी ओसरीचा हिशेब मोडला. पाझर तलावावर मुरमाचे मोजमाप ब्रासने होई, आणि ब्रासला बाई-पुरुष कळत नाही. जेवढी टोपली तेवढा पैसा. हजेरीपटावर आपले नाव, त्यापुढे अंगठा, आणि बाजाराच्या दिवशी हातात चुकारा. धुऱ्यावर कमी रोज घेणारीला इथे गड्याइतकाच मिळे. कामावर बायांची गर्दी का होई, याचे उत्तर शोधायला अर्थशास्त्र लागत नाही.

1988 मध्ये शेतमजुरीचा किमान दर दुप्पट झाला आणि त्याच्याबरोबर रोहयोचाही. मजुरांचे दैन्य फिटले म्हणावे, तर कामेच आटू लागली. दर वाढला, पैशाची तरतूद त्या बेताने वाढली नाही, तेव्हा नवी कामे उघडताना हात आखडता आला.

मग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे सत्र चालू असतानाच 2006 उजाडले. जानेवारीत राज्याने आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबासाठी एक लाखाची मदत ठरवली: 30,000 हातात, 70,000 ठेवीत. फेब्रुवारीत केंद्राची रोजगार हमी देशातल्या पहिल्या 200 जिल्ह्यांत लागू झाली, त्यात यवतमाळ होते. जुलैत विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे 3,750 कोटींचे पॅकेज आले, त्यातही यवतमाळ होते. पण त्या एक लाखासाठी सातबारा लागतो, थकलेले कर्ज लागते. साल घालणाऱ्या भूमिहीन गड्याने जीव दिला तर त्याच्या घरच्यांनी कोणता कागद न्यावा?

धान्याचेही तसेच, तेही सातबारावाल्याला. 2015 पासून यवतमाळसह 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळू लागले, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो. 2023 मध्ये धान्याऐवजी माणशी 150 रुपये खात्यात जमा करायचे ठरले. किलोला 30 रुपये धरले की हिशेब जुळतो. दुकानदार 30 ने देतो का, ते त्याला विचारायचे. पुढे त्यात किंचित वाढ झाली.

आज रोहयोच्या हजेरीपटाची जागा मोबाईलने घेतली आहे. कामावर दिवसातून दोनदा फोटो निघतो. 2025-26 साठी महाराष्ट्राचा दर 312 रुपये होता. संजय गांधी निराधार योजनेचे विधवेला महिन्याला 1,500 मिळतात, म्हणजे त्या दराने रोहयोच्या पाच दिवसांच्या मजुरीइतकेही नाहीत. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो. तिच्या घरातले कोणी रोहयोवर गेले तर त्या दराने 67 दिवसांचे 20,904 होतात. अडुसष्टाव्या दिवशी घमेले उचलले की ते घर निराधार राहत नाही.