झाडीपट्टीची उघडी रंगभूमि आणि शेक्सपीअरचे दोन सोबती

यादवकालीन लेखांत ज्या वनप्रदेशास ‘झाडी’ म्हटलें आहे, तो स्थूलमानानें हल्लींच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत येतो. यांपैकीं गडचिरोली हा जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुरांतून, म्हणजे जुन्या चांद्यांतून, वेगळा झाला. या प्रांतांतील मार्कंडा येथील देवळें, वैरागडचा किल्ला, चांद्याचा गोंडकालीन कोट यांकडे संशोधकांचें लक्ष गेलेलें आहे. परंतु येथील एका हस्तलिखितवर्गाकडे आम्हां संग्राहकांची दृष्टि अद्याप वळलेली नाहीं. तो वर्ग म्हणजे येथील नाटकांच्या वह्या होत. त्यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

झाडीच्या नाट्याचें मूळ दंडारींत आहे. दिवाळीच्या सुमारास गांवांतील मोकळ्या जागीं ढोलकीच्या साथीवर गांवचेच लोक दंडार करितात. स्त्रियांचीं सोंगें परंपरेनें पुरुषच घेत आले. तीस ना भिंत, ना छप्पर, ना तिकीट. जींत एखादें कथानक गुंफलेलें असतें, तिला परसंगी दंडार म्हणतात. ‘परसंग’ हा ‘प्रसंग’ शब्दाचाच बोलींतील अपभ्रंश, हें सांगणें नलगे. या जातीच्या खेळांतून पुढें रात्रभर चालणारें झाडीपट्टीचें नाटक वाढलें. धानाची कापणी आटोपली कीं याचा हंगाम सुरू होतो व होळीच्या सुमारास संपतो. शंकरपट भरला, मंडई भरली कीं त्या रात्रीं नाटक व्हावयाचेंच. आज वडसा (देसाईगंज) येथें अनेक मंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत. नाटकांस तिकीट लागतें, दंडार मात्र मोकळीच राहिली. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली.

आतां मुख्य मुद्दा. हंगामांत प्रयोग फार, तालमीस वेळ थोडा. यामुळें येथील नटाचा मोठा आधार म्हणजे आडोशास बसून वही वाचणारा प्रॉम्प्टर. संपूर्ण नाटक त्या वहींत असतें. वही गेली कीं नाटक गेलें.

अगदीं हीच स्थिति इंग्लंडांत शेक्सपीअरच्या काळीं होती. त्याचें ग्लोब नाट्यगृह मधोमध उघडेंच होतें. प्रत्येक नटास केवळ स्वतःचीं भाषणें व त्यांपूर्वींचे सूचक शब्द लिहून मिळत. समग्र प्रत मंडळीपाशीं असे. १६१३ सालीं प्रयोग चालू असतांच तोफेच्या ठिणगीनें ग्लोबचें गवती छप्पर पेटून तें जळालें. शेक्सपीअर १६१६ सालीं वारला. पुढें ७ वर्षांनीं जॉन हेमिंग व हेन्री कॉन्डेल या त्याच्याच मंडळींतील दोन नटांनीं ३६ नाटकें एकत्र करून छापविलीं. यांपैकीं १८ नाटकें तोंवर कधींच छापलेलीं नव्हतीं.

त्या अठरांशीं आपलेंही नातें आहे. ‘सिंबेलीन’ त्यांतलेंच; त्यावरून वऱ्हाडांत शिक्षणखात्याची सेवा केलेल्या विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं १८७९ सालीं ‘तारा’ रचिलें. वासुदेव बाळकृष्ण केळकरांच्या ‘त्राटिके’चें मूळ तेथलेंच, आणि शिरवाडकरांच्या ‘राजमुकुटा’चें मूळ ‘मॅक्बेथ’ हेंही तेथलेंच. त्या दोन नटांनीं आळस केला असता, तर हीं मराठी नाटकेंही जन्मास येतीं ना.

कोणी म्हणेल, झाडीपट्टीच्या नाटकांत बोली गांवढळ, विनोद उथळ. त्या वह्या जपाव्या कशास? ऑक्सफर्डच्या सुप्रसिद्ध ग्रंथालयाचे संस्थापक सर टॉमस बॉडली यांचें मत असेंच होतें. नाटकांच्या चोपड्या म्हणजे केरकचरा, त्या संग्रहीं घेऊं नयेत, असें त्यांनीं आपल्या ग्रंथपालास बजाविलें होतें. त्याच ग्रंथालयानें पुढें नवी आवृत्ति हातीं येतांच १६२३ ची प्रत जादा म्हणून काढून टाकिली, आणि तीच प्रत १९०६ सालीं ३००० पौंड मोजून परत घेतली! शेक्सपीअरशीं बरोबरी करण्याचा येथें हेतु नाहीं. कोणती वही मोलाची, हें समकालीनांस ठरवितां येत नाहीं, एवढेंच या उदाहरणावरून दिसतें.

डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोली व दंडार यांविषयीं मोलाचें कार्य केलें आहे. वह्यांचा संग्रह हें त्यापुढील काम होय. संग्राहकांनीं वही पाहतांच लेखकाचें व नकलकाराचें नांव, गांव, प्रयोगाची तिथि, नटांची यादी, समासांतील फेरफार व पदांच्या चाली टिपाव्या. मूळ वही मालकाकडेच राहूं द्यावी, छायाप्रत घ्यावी. बोली ‘शुद्ध’ करूं नये. ज्या रूपांस आपण अशुद्ध म्हणतों, तींच उद्यां भाषेच्या इतिहासाचीं साधनें ठरतील. पोथी सोंवळ्यांत बांधलेली असते, म्हणून ती टिकते. या वह्यांना मात्र वाळवी आणि पावसाळा यांच्या स्वाधीन केलेलें आहे. झाडींत हेमिंग व कॉन्डेल कोण होणार, हा प्रश्न या पत्राच्या वाचकांपुढें ठेवून लेख संपवितों.