स्वच्छ वाफ्याचा पुरावा : भारतातील तणनाशक-चाचण्यांची कथा

१९३७ साली पंजाबातील शेतांमध्ये ‘पोहली’ नावाच्या काटेरी तणावर सोडियम आर्सेनाइट वापरून पाहण्यात आले. पोहली ही करडईची रानटी भाऊबंद. रसायनाच्या साहाय्याने तण मारण्याचा भारतातील हा पहिला प्रयत्न मानला जातो. आर्सेनिकचे ते संयुग तणाला घातक होते, तसेच पिकाला आणि हाताळणाऱ्या माणसालाही. मारणे सोपे होते. कोणाला जगू द्यायचे, हे त्या रसायनाला ठाऊक नव्हते. या निवडक्षमतेचा शोध हाच पुढील सगळ्या इतिहासाचा गाभा आहे. गहू-भाताला त्याची फळे लवकर मिळाली. भाजीपाला आणि फळबागांना मात्र दीर्घकाळ वाट पाहावी लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेतील संशोधकांच्या हाती टू-फोर-डी हे रसायन लागले. वनस्पतीची वाढ नियंत्रित करणाऱ्या ऑक्झिन या संप्रेरकाची ते नक्कल करते. रुंद पानांच्या वनस्पतीत ही नक्कल वाढीचा ताळमेळ बिघडवते. खोड पिळवटते, पाने वेडीवाकडी होतात आणि अखेर झाड मरते. गवतवर्गीय वनस्पती मात्र त्यातून बहुधा सुखरूप निघतात. भारतात त्याची पहिली चाचणी १९४६ साली झाली. १९५२ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने अकरा राज्यांत तणनियंत्रणाची समन्वित योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रस्थानी गहू, भात आणि ऊस ही पिके होती. तिन्ही गवतवर्गीय! रसायन आणि पीक यांची जोडी निसर्गतःच जुळलेली होती.

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, द्राक्ष यांच्या बाबतीत हे गणित उलटे होते. ही पिके स्वतःच रुंद पानांची. शेजारच्या शेतातून वाऱ्याबरोबर आलेले टू-फोर-डीचे तुषारसुद्धा टोमॅटोची आणि द्राक्षाची पाने आकसून टाकण्यास पुरेसे ठरतात. पीक आणि तण यांच्या शरीररचनेत पुरेसा फरक नसेल, तर निवडक्षमता आणायची कोठून? उत्तर मिळाले ते जागा आणि वेळ या दोन गोष्टींत.

कांद्याचे उदाहरण बोलके आहे. कांदा सावकाश वाढतो, त्याची मुळे उथळ असतात आणि उभ्या, नळीसारख्या पातींची सावली जमिनीवर जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे तणाला मोकळे रान मिळते. येथे पेंडिमेथॅलिनसारखे उगवणपूर्व तणनाशक उपयोगी पडते. पेशीविभाजनासाठी लागणाऱ्या सूक्ष्मनलिका ते जुळू देत नाही. म्हणून नुकताच फुटलेला कोंब पुढे वाढतच नाही. हे रसायन पाण्यात अत्यल्प विरघळते (लिटरमागे एका मिलिग्रॅमहूनही कमी) आणि मातीच्या कणांना घट्ट चिकटते. परिणामी त्याचा पातळ थर जमिनीच्या वरच्या भागातच राहतो. बारीक बियांची तणे याच थरातून उगवतात. पुनर्लागवड केलेल्या रोपाची मुळे त्याखाली असतात. कांदा वाचतो तो काही अंशी या दोन-तीन सेंटिमीटरांच्या अंतरामुळे. जमीन वालुकामय असेल, लागवड उथळ झाली असेल किंवा फवारणीनंतर मुसळधार पाऊस झाला, तर ते अंतर पुसले जाऊ शकते. म्हणूनच एका मातीत निर्धोक ठरलेली मात्रा दुसऱ्या मातीत तपासल्याशिवाय वापरता येत नाही. शिवाय लव्हाळ्यासारखे कंदातून फुटणारे तण या थराला जुमानत नाही. बाकीची तणे गेली की त्यालाच जागा मोकळी होते.

अशा चाचणीचा निकाल डोळ्यांनी लावता येत नाही. शेताचा एक कोपरा ओलसर, दुसरा चढाचा, तिसरा खतावलेला. हा फरक रसायनाच्या खात्यावर जमा होऊ नये, म्हणून रोनाल्ड फिशर यांनी मांडलेल्या पद्धतीनुसार शेताचे गट पाडले जातात आणि प्रत्येक गटातील वाफ्यांना उपचार चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने दिले जातात. ही पद्धत भारतीय कृषिसंशोधकांच्या हाती सुबोध रूपात दिली ती दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचा कृषी-संशोधकांसाठीच्या सांख्यिकी पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि कृषी विद्यापीठांतील प्रबंधांचा तो कायमचा सोबती बनला.

प्रत्येक चाचणीत दोन वाफे हटकून राखले जातात. एकात तण मुळीच काढत नाहीत; दुसऱ्यात हंगामभर खुरपणी करून एकही तण राहू देत नाहीत. तणनाशकाच्या वाफ्याची तुलना या दोन टोकांशी होते. चौकट टाकून तणे मोजली जातात, वाळवून त्यांचे वजन केले जाते. पण खरा निवाडा उत्पादनाचा. एखादा वाफा आरशासारखा स्वच्छ दिसतो, तरी त्याचे उत्पादन खुरपलेल्या वाफ्यापेक्षा बरेच कमी भरते. तण मेले, पण पिकालाही न दिसणारी इजा झाली, हे तेव्हाच कळते. याच कारणाने शिफारस होऊ घातलेल्या मात्रेच्या दुप्पट मात्राही मुद्दाम तपासली जाते आणि पाने पिवळी पडणे, करपणे, वळणे यांना गुण दिले जातात. शेतकऱ्याच्या पंपातून मात्रा नेहमी काटेकोर जात नाही, याची ती कबुली असते.

१९७८ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सहकार्याने अखिल भारतीय समन्वित तणनियंत्रण संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि १९८९ मध्ये जबलपूरला राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्र उभे राहिले. वेगवेगळ्या मातीत आणि हवामानात एकाच प्रश्नाची तपासणी करण्याची सोय त्यामुळे झाली.

तिची गरज किती होती, हे हरियाणातील मेवात भागातल्या टोमॅटोने दाखवून दिले. तेथे ओरोबँकी हे परजीवी तण पिकाच्या मुळांनाच चिकटते. त्याच्या धुळीसारख्या बिया यजमान मुळांतून पाझरणाऱ्या रसायनांची चाहूल लागल्यावर रुजतात. ते जमिनीवर दिसू लागेपर्यंत बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. खुरपे उशिरा पोहोचते. हिस्सारच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी गव्हात वापरले जाणारे सल्फोसल्फ्युरॉन टोमॅटोवर अतिशय अल्प मात्रेत तपासले. टोमॅटोला सोसेल आणि परजीवीला सोसणार नाही, अशी अरुंद फट त्यांना शोधायची होती. ती सापडली, तरी आणखी एक प्रश्न शिल्लक राहतो. या रसायनाचे मातीतील अवशेष ज्वारी आणि मक्यासारख्या पिकांना बाधतात. चाचणी टोमॅटोची असली, तरी निकाल पुढच्या पिकापर्यंत वाचावा लागतो.

फळबागेत हा काळ आणखी लांबतो. संत्र्याचे झाड त्याच जागी कित्येक वर्षे उभे असते आणि रसायन दर वर्षी त्याच बुंध्याभोवती पडते. एका हंगामाचा निष्कर्ष तेथे अपुरा ठरतो. कोवळ्या कलमाची हिरवी साल ग्लायफोसेट शोषून घेऊ शकते, जुन्या झाडाची जाड साल तितके शोषत नाही. म्हणजे झाडाचे वय हाही चाचणीचा घटक बनतो.

चाचणीतील यश म्हणजे परवाना मात्र नव्हे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली तणनाशकाचीही नोंदणी करावी लागते आणि ती पीकनिहाय असते. ग्लायफोसेटची भारतातील नोंदणी चहाचे मळे आणि पीक नसलेली जमीन यांपुरती आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर आणखी निर्बंध घातले. गव्हासारख्या पिकाची बाजारपेठ विशाल असल्याने नोंदणीचा खर्च कंपन्यांना परवडतो. भेंडी किंवा दोडक्यासाठी तो करण्यास फारसे कोणी पुढे येत नाही. दुसरीकडे खुरपणीला माणसे मिळत नाहीत आणि मजुरी वाढत राहते. या कोंडीत सापडलेला शेतकरी एका पिकासाठी तपासलेले रसायन दुसऱ्यावर वापरतो, तेव्हा त्याच्या शेतात प्रत्यक्षात एक चाचणीच चालू असते. फरक इतकाच, की तिच्यात तुलनेचा वाफा नसतो, अवशेषांचे मोजमाप नसते, आणि भाजी तर चार दिवसांत कोणाच्या तरी ताटात पोहोचते.

डबीवरील लेबलावर पिकाचे नाव, हेक्टरी मात्रा आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ एवढ्या तीन नोंदी बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. त्यांच्यामागे अनेक ठिकाणच्या, अनेक हंगामांच्या वाफ्यांची मोजणी असते. ज्या पिकाचे नाव त्या लेबलावर नाही, त्याची मोजणी अजून व्हायची आहे.