अकॉर्डियन आणि मायक्रोफोन

रॅप या प्रकाराशी माझे कधी जमले नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. 1978 साली मी पुण्याहून कोलोनला आलो तेव्हा बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळलेल्या चार कॅसेट होत्या, आणि त्यातली एक आपल्या पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या अकॉर्डियनची होती. पुढे मुलगी मोठी झाली आणि तिच्या खोलीतून धाडधाड असे काहीतरी ऐकू येऊ लागले. त्याला गाणे म्हणायचे की भांडण, यावर आमच्या घरात बरीच वर्षे वाद चालला. मुलगी आता शिक्षिका आहे. 2013 च्या हिवाळ्यात एक दिवस तिचा फोन आला, "बाबा, आज संध्याकाळी आमच्या शाळेत या. रॅप आहे, तुम्हाला आवडणार नाही. पण त्यात अकॉर्डियनची एक गोष्ट आहे, ती ऐकायला या."

अकॉर्डियनच्या नावाने गेलो. त्या संध्याकाळी जे ऐकले, आणि घरी आल्यावर वाचून जे समजले, ते आपल्या मंडळाच्या वाचकांसमोर ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

रंगमंचावर एक टेबल, त्यावर दिवा, आणि त्यामागे नव्वदीला टेकलेल्या, पाच फूटही उंच नसाव्यात अशा एक बाई बसल्या होत्या. दोन्ही बाजूंना चाळिशीतले दोन गडी. बाईंचे नाव एस्थर बेजारानो. गडी म्हणजे कुत्लु युर्तसेवेन आणि रोसी पेनिनो, कोलोनच्या 'मायक्रोफोन माफिया' या रॅप मंडळीतले. गाणे सुरू होण्याआधी बाईंनी चष्मा लावला आणि आपल्या आठवणींची पाने वाचायला घेतली. तीनेकशे मुलांनी भरलेल्या सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही.

एस्थरबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1924 चा, झारलुईचा. वडील रुडॉल्फ लोएवी हे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात प्रार्थना गाणारे, त्यामुळे घरात गाणे होते आणि पियानोही होता. 1941 च्या नोव्हेंबरात आईवडिलांना लिथुआनियातील कौनास येथे गोळ्या घालून मारले गेले. बहीण रूथही वाचली नाही. एस्थर मात्र बर्लिनच्या पूर्वेला नॉयएनडॉर्फच्या सक्तमजुरीच्या छावणीत होती. तिथून एप्रिल 1943 मध्ये तिला ऑशविट्झला नेण्यात आले. वय वर्षे अठरा. काम म्हणजे जड दगड एका जागेहून दुसऱ्या जागी वाहून न्यायचे.

त्याच सुमारास छावणीच्या अधिकाऱ्यांना मुलींचा वाद्यवृंद काढायची लहर आली. झोफिया चायकोव्स्का या पोलिश बंदिवान शिक्षिकेकडे ते काम होते. एस्थर म्हणाली, मला पियानो येतो. उत्तर मिळाले की पियानो इथे नाही, अकॉर्डियन येत असेल तर बघू. अकॉर्डियन तिने जन्मात हातात धरले नव्हते, पण येते म्हणून ठोकून दिले! परीक्षेला त्या काळी गाजलेले 'बेल आमी' हे चित्रपटगीत दिले. ज्यांनी अकॉर्डियन जवळून पाहिले आहे त्यांना यातली गोम कळेल. उजव्या हाताला पियानोसारख्या पट्ट्या असतात, तिथे तिचा हात चालला. डाव्या हाताला मात्र बटणांच्या रांगा, त्या दिसतही नाहीत. त्या तिने केवळ कानाने चाचपून शोधल्या. निवड झाली आणि दगड सुटले.

पण सुटका कसली? रोज सकाळी कामगारांच्या तुकड्या फाटकातून बाहेर पडत तेव्हा या मुलींनी कूच करण्याची गाणी वाजवायची, संध्याकाळी त्या परतत तेव्हा पुन्हा वाजवायची. नव्या आगगाड्या आल्या की त्यांच्यापुढेही वाजवायचे. गाडीतली माणसे हात हलवीत. जिथे संगीत आहे तिथे फार वाईट काही असणार नाही, असे त्यांना वाटत असेल. वाजवणाऱ्या मुलींना ती कुठे चालली आहेत हे माहीत होते. हे वाचताना बाईंचा आवाज जराही कापला नाही. कापला असता तर ऐकणे सोपे गेले असते.

नोव्हेंबर 1943 मध्ये त्यांची रवानगी राव्हेन्सब्रुकच्या छावणीत झाली. एक आजी ख्रिस्ती असल्याचे निमित्त कामी आले. 1945 मध्ये छावणी रिकामी करताना बंदिवानांना पायी हाकलत नेले जात होते. त्या वाटेवरून एस्थर मैत्रिणींबरोबर निसटली. ल्युब्झ या गावात अमेरिकी आणि सोव्हिएत सैनिक भेटले, त्यांनी चौकात हिटलरचे चित्र जाळले, आणि त्या जाळाभोवती नाच झाला. नाचासाठी अकॉर्डियन वाजवले ते याच मुलीने.

त्यानंतर पॅलेस्टाईन, गाण्याचे रीतसर शिक्षण, लग्न, एडना आणि योराम ही दोन मुले, आणि 1960 मध्ये पुन्हा जर्मनी. हॅम्बर्गला त्यांचे कपड्यांचे छोटे दुकान होते. सत्तरच्या दशकाअखेर एकदा दुकानासमोरच एनपीडी या अतिउजव्या पक्षाने प्रचाराचे टेबल मांडले. लोक निषेधाला जमले, तर पोलीस संरक्षणाला उभे राहिले ते टेबलाच्या! त्या दिवसापर्यंत बाईंनी आपली हकीकत फारशी कुणाला सांगितली नव्हती. त्यानंतर त्या बोलू लागल्या आणि मग थांबल्याच नाहीत. 1986 मध्ये त्यांनी इथल्या ऑशविट्झ समितीच्या स्थापनेत पुढाकार घेतला. मुलांबरोबर 'कोइन्सिडेन्स' नावाने घेट्टोंतली यिडिश गाणी आणि फॅसिझमविरोधी गाणी म्हणू लागल्या.

आता दुसरा धागा. कोलोनच्या ऱ्हाइनपलीकडच्या बाजूला, म्युलहाइम-फ्लिटार्ड भागात, 1989 साली काही पोरे जमली. कुणाचे वडील तुर्कस्तानातून आलेले, कुणाचे इटलीतून. इटलीशी कामगारभरतीचा करार 1955 चा, तुर्कस्तानशी 1961 चा. या लोकांना इथे 'पाहुणे कामगार' म्हणत. दहा लाखावा पाहुणा 10 सप्टेंबर 1964 रोजी आपल्या डॉइट्झच्या स्टेशनवर उतरला तेव्हा त्याला मोपेड भेट दिली गेली. मोपेड मिळाली, पण पाहुणेपण संपले नाही. ते मुलांकडेही वारशाने आले.

त्याच सुमारास जर्मनीत भिंत पडली, देश एक झाला, आणि आगी लागू लागल्या. होयर्सवेर्डा 1991, रोस्टॉक 1992, मोल्न 1992, आणि 29 मे 1993 रोजी आपल्या शेजारचे झोलिंगेन. तिथे गेन्च कुटुंबातील पाच मुली व स्त्रिया जळून गेल्या. या काळात रॅप हे परक्यांच्या मुलांचे वर्तमानपत्र झाले. हायडेलबर्गच्या 'अॅडव्हान्स्ड केमिस्ट्री' या मंडळीने 1992 मध्ये 'आपल्याच देशात परके' अशा अर्थाच्या नावाचे गाणे काढले. गाणारे हैती, घाना आणि इटलीतून आलेल्यांचे वंशज, पण खिशात जर्मन पासपोर्ट. 1995 मध्ये न्युर्नबर्ग, कील आणि बर्लिनच्या तुर्की पोरांनी मिळून 'कार्टेल' हा अल्बम केला. मायक्रोफोन माफिया त्याच पिढीची. जर्मन, तुर्की, इटालियन अशा मिळेल त्या भाषेत गाणारी आणि राजकारणावर सरळ बोलणारी. अशांना 'अंडरग्राउंड' म्हणतात. आपल्याला भूमिगत म्हटले की पत्री सरकार आठवते. इथे अर्थ साधा आहे, मोठ्या कंपन्यांच्या आणि मोठ्या पैशाच्या बाहेरचे.

2004 च्या सुमारास नवनाझी मंडळी शाळांच्या आवारात आपल्या गाण्यांच्या सीडी फुकट वाटत होती. त्याच वर्षी एनपीडी सॅक्सनीत 9.2 टक्के मते घेऊन विधिमंडळात शिरली. संगीताने मुले तिकडे ओढली जातात तर संगीतानेच इकडे का आणू नयेत? पुढे दोनतीन वर्षांनी कुत्लुने एस्थरबाईंना फोन केला. असे सांगतात की पलीकडून 'माफिया' हा शब्द ऐकताच बाईंना धक्काच बसला, की यांचे माझ्याकडे काय काम! काम कळल्यावर त्या हो म्हणाल्या. रॅप आपल्याला आवडत नाही हे त्यांनी कधी लपवले नाही. आवाज कमी करा, उड्या कमी मारा, ही त्यांची अट होती. पण तरुण पोरे या वाटेने भेटतील हे त्यांनी ओळखले.

2009 मध्ये दोघांचा मिळून 'पेर ला व्हीता' हा अल्बम आला. अर्थ, जीवनासाठी. बाई तेव्हा 84 वर्षांच्या. त्याची घडण आपल्याला परकी वाटू नये. ध्रुवपद जुन्या गाण्याचे, बाईंच्या आणि त्यांच्या मुलांच्या आवाजात. मधली कडवी रॅपमध्ये, पोरांच्या भाषेत. विल्नाच्या घेट्टोत लेयब रोझेन्टाल यांनी लिहिलेले यिडिश गाणे बाई म्हणतात, आणि त्यातला 'आम्ही आहोत' हा सूर तुर्की-जर्मन पोरगा पुढे नेतो. आपल्या शाहिराला डफावर झील धरणारा साथीदार लागतोच ना? इथे ऐंशी वर्षांच्या शाहिराला चाळिशीतल्या झीलकऱ्यांनी साथ दिली, आणि कधी उलटेही झाले. घरात ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती असे तीन धर्म, पण गाडी एकच. या गाडीने पुढे दुसरा अल्बम काढला, शेकडो कार्यक्रम केले आणि 2017 मध्ये क्यूबाचा दौराही केला.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल.

9 जून 2004 रोजी म्युलहाइमच्या कॉयपश्ट्रासेवर एका केशकर्तनालयासमोर सायकलवर ठेवलेला बॉम्ब फुटला. त्यात सातशेच्या वर लांब खिळे भरले होते. 22 माणसे जखमी झाली. दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री ओटो शिली म्हणाले की प्राथमिक माहितीवरून हा दहशतवाद नसून गुन्हेगारी जगतातला प्रकार वाटतो. त्यानंतर कित्येक वर्षे जखमींनाच संशयित म्हणून विचारणा होत राहिली. नोव्हेंबर 2011 मध्ये एनएसयू ही नवनाझी टोळी उघडकीस आली तेव्हा खरे कळले.

त्या रस्त्यावरून मी वीस वर्षे कोथिंबीर, मिरच्या आणि मेथी आणत होतो. बॉम्बनंतर जाणे बंद केले. मंडळाच्या दिवाळीत कुणीतरी विषय काढला तेव्हा, "त्यांचे आपापसातले काहीतरी असणार," हे वाक्य मी स्वतः उच्चारले. ज्या दुकानदाराने माझ्या मुलीला लहानपणी रोज एक जर्दाळू दिला, त्याला तू बरा आहेस का, हे विचारायलाही गेलो नाही.

असे का वागलो? कारण आपण 'त्यांच्यातले' नाही, ही माझी पक्की समजूत होती. आपण शिकलेले, इंजिनिअर, शांत. 2000 साली संगणकतज्ज्ञांना ग्रीन कार्ड द्यायचे ठरले तेव्हा आपल्याच राज्याच्या निवडणुकीत 'भारतीयांऐवजी मुले' अशी घोषणा गाजली. कचेरीतला एक सहकारी मला म्हणाला, "तुझ्याबद्दल नाही हं ते." आणि वाचकहो, मला बरे वाटले! ऑगस्ट 2007 मध्ये सॅक्सनीतल्या म्युगेल्न गावच्या जत्रेत आठ भारतीयांना सुमारे पन्नास जणांच्या जमावाने रस्त्यातून पळवत मारले. त्यांनी एका पिझ्झाच्या दुकानात आसरा घेतला. जमावाने त्यांच्या पदव्या विचारल्या नव्हत्या. तेव्हाही आम्ही म्हणालो, ते तिकडे पूर्वेकडे.

त्या संध्याकाळी शाळेत एका मुलाने एस्थरबाईंना विचारले की आमचे आजोबा तर तेव्हा या देशात नव्हतेच, मग आमचा काय संबंध? मुलाचे नाव तुर्की होते, पण प्रश्न माझाच होता. बाई शाळाशाळांतून जे नेहमी सांगत तेच त्यांनी सांगितले. जे घडले त्याचा दोष तुमच्याकडे नाही, पण त्याविषयी काही जाणूनच घ्यायचे नाही असे ठरवलेत तर दोष तुमच्याकडे येतो. मग त्यांनी शेजारच्या कुत्लुकडे पाहिले आणि गाणे सुरू झाले. त्याचे आजोबाही तेव्हा इथे नव्हते. तरी ऑशविट्झची आठवण तो खांद्यावर घेऊन गावोगाव फिरत होता, आणि कॉयपश्ट्रासेच्या न्यायासाठीही तोच उभा होता. 2014 मध्ये कोलोनच्या नाट्यगृहात त्या बॉम्बवर 'दी ल्युके' हे नाटक झाले, त्यात तो होता.

या अल्बमने मला शिकवले ते एवढेच. एखाद्या देशाची आठवण रक्ताने मिळत नाही. जो तिथे राहतो, कर भरतो, मुले वाढवतो, त्याने ती उचलायची असते. 'आम्ही पाहुणे' हा नम्रपणा नव्हे, ती माझी पळवाट होती.

आपल्याकडेही हे घडते आहे. मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅप मंडळीने 2019 मध्ये आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्याबरोबर 'वारली रिव्होल्ट' केले. वारल्यांचा लढा म्हटले की आमच्या पिढीला 1945 आणि गोदावरी परुळेकर आठवतात. तो धागा पुन्हा रॅपवाल्या पोरांनीच उचलला. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाच्या मुलखात हे व्हावे यात नवल नाही.

एस्थरबाई 10 जुलै 2021 रोजी हॅम्बर्गला गेल्या. 8 मे हा मुक्तीचा दिवस, त्याची देशाला सुट्टी असावी ही मागणी त्या अखेरपर्यंत करत होत्या.

त्या कार्यक्रमानंतरच्या शनिवारी मी कॉयपश्ट्रासेवर गेलो. माझा दुकानदार तिथेच होता, केस पांढरे झालेले. नऊ वर्षे उशिरा विचारले, बरा आहेस ना? तो हसला, म्हणाला, "आता बरा आहे," आणि मुलगी काय करते ते विचारले. माफी मागायचे ठरवून गेलो होतो. शब्द धड जमले नाहीत, पण मागितली.

असो. आपल्या मंडळात 27 जानेवारी किंवा 8 मेला काही करावे असा विषय निघतो तेव्हा, 'हा आपला इतिहास नाही' असे कुणीतरी म्हणतेच. त्या सभेत हा अल्बम एकदा लावून पाहावा, अशी माझी सूचना आहे. आवाज थोडा कमी ठेवा. एस्थरबाईंचीही तीच अट होती.